आजोबांची जुनी पिकअप घरी उभी करताना: इंजिनचा प्रश्न सगळ्यात शेवटी

गारगोटीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. आजोबांनी घेतलेली १९८६ ची महिंद्रा पिकअप, डिझेल, फोर-व्हील नसलेली. गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. गेली सात-आठ वर्षं ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. आजोबा आता नाहीत, पण गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. हाताशी तीन लाखांपर्यंत रक्कम, शनिवार-रविवार मोकळे, घरी साधं आर्क वेल्डिंग मशीन आणि मदतीला चुलतभाऊ. प्रश्न चार: स्कॉर्पिओचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन बसेल का, पॉवर स्टेअरिंग कसं करायचं, मोठे टायर कोणते घ्यायचे आणि मॅट काळा रंग घरी मारता येईल का.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या जीपा आणि पिकअपची कामं करतो. असे प्रश्न आमच्याकडे सतत येतात आणि त्यामागची हौस मला मनापासून आवडते. पण चारही प्रश्न गाडीत नवीन काय घालायचं याचे आहेत. गाडीत शिल्लक काय आहे, याबद्दल एकही ओळ नाही. खरा विषय तिथे आहे. चाळीस वर्षांच्या गाडीची चासी धड आहे का, ती थांबते का, सरळ चालते का आणि कायद्याने ती कुणाची आहे, हे कळल्याशिवाय इंजिनाचं ठरवता येत नाही.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. गाडी आधी कंपनीने दिली होती तशी करा. तशीच पाचसहाशे किलोमीटर चालवा, भरून आणि रिकामी. मग काय बदलायचं ते ठरवा. स्टेअरिंग जड, ब्रेक कमी, गाडी ओढत नाही अशा तक्रारी घेऊन लोक मोठे बदल करायला येतात. गाडी खोलली की बहुतेक वेळा दिसतं की दोष डिझाइनचा नव्हता, झिजलेल्या पार्टांचा होता. तो पार्ट बदलला की तक्रारही जाते आणि बदलाची गरजही उरत नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, हे मात्र खरं. ही गाडी रानात वैरण आणि पाइप न्यायला हवी आहे की रविवारी घरच्यांना घेऊन फिरायला, की पुणे-बेंगळुरू हायवेवर लांब न्यायची आहे? पहिल्या दोन्हींसाठी मूळ गाडी पुरते. तिसऱ्यासाठी थोडे बदल लागतील, ते पुढे सांगतो. तुमच्या मनात हरियाणातल्या डबवालीकडच्या उंच, रुंद टायरांच्या जीपा आहेत हे दिसतंच आहे. त्या बघायला देखण्या असतात, पण तशी गाडी महाराष्ट्रात कागदावर आणणं ही वेगळीच लढाई आहे.

म्हणून आधी कागद. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या. शेडमधल्या गंजक्या गाडीवर कुणी हक्क सांगत नाही. ती तयार झाली की तिला किंमत येते आणि घरात विषय अवघड होतो. हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्यात गाडीपेक्षा नाती जास्त मोडतात.

मग आरसी नीट वाचा. गूळ वाहणारी पिकअप बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेली असते, म्हणजे पिवळी पाटी आणि दरवर्षी पासिंग. खासगी नोंद असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. थकलेला कर, पर्यावरण कर आणि विलंबाचा दंड मिळून किती होतो, ते कोल्हापूरच्या आरटीओत जाऊन विचारा. ती रक्कम तुमच्या तीन लाखांतूनच जाणार आहे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावावी लागेल. दिल्ली परिसरातला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा नियम आपल्याकडे लागू नाही, त्यामुळे त्या भीतीने गाडी भंगारात घालू नका.

चासी नंबर आज शोधा. तार-ब्रशने हलकेच साफ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, मग ग्रीस लावून वर जाड टेप चिकटवा. सँड ब्लास्टिंगमध्ये किंवा ग्राइंडरखाली नंबर पुसट झाला तर पासिंगच्या वेळी अधिकाऱ्यापुढे सिद्ध करायला तुमच्याकडे काही राहत नाही. छाप आरसीशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बाकी सगळं थांबवा आणि आधी तेवढं सोडवा.

आता चासी. वेदगंगेच्या काठाला तुमचं गाव असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात शेडमध्ये पाणी किती चढलं होतं ते घरच्यांना विचारा. त्या दोन्ही वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी बरीच मागे टाकली आणि त्यानंतर पुरात बुडालेल्या गाड्या आमच्याकडे येतच राहिल्या. पुराची गाडी ओळखायला सोपी आहे. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलं आहे. बेअरिंगवर गंज बसलेला असणार, तेव्हा नुसतं तेल बदलून भागणार नाही. चासीच्या बंद भागात बोट घाला. बारीक चिकट गाळ लागला तर तो भाग आतून खात चालला आहे.

पुराचं पाणी आलं नसलं तरी गुळाच्या आणि खताच्या गाड्यांचा गंज वेगळाच असतो. हौद्याच्या फळ्यांच्या फटीतून गुळाचं पाणी आणि युरियाची भुकटी खाली चासीच्या आडव्या दांड्यांवर पडते, तिथे ओल धरते आणि वर्षानुवर्षं तशीच बसते. म्हणून पहिल्या रविवारी बोनेट न उघडता हौदा काढा. चौघंजण लागतील. यू-बोल्ट सुटणार नाहीत, ते कापायचेच आहेत. हौदा बाजूला गेला की लहान हातोडीने चासीवर दर चार बोटांवर ठोका. धड लोखंड खणखणीत बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, स्टेअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि केबिनची माउंटिंग, या तीन जागा सोडू नका.

चासी वाकलेली आहे का हे घरी तपासता येतं. सपाट फरशीवर गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवा. चासीवर दोन्ही बाजूंना सारख्या जागी भोकं असतात, तिथून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा. गाडी हलवून खुणांचे तिरपे कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत पाच-सहा मिलिमीटरपर्यंत फरक मी मानून घेतो. बोटभर फरक असेल तर गाडीला कधीतरी जोराची धडक बसली आहे आणि ती घरी सरळ होणार नाही.

चासीचं वेल्डिंग घरच्या मशीनवर करू नका, असं मी सरसकट म्हणणार नाही. हात चांगला असेल तर हँगरचा पॅच होतो. दोन गोष्टी पाळा. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंगची रेघ कधीही मारू नका. गाडी भरली की सगळ्यात जास्त ताण त्याच पट्ट्यांवर येतो आणि तडा नेमका त्या रेघेवरून जातो. पॅच उभ्या बाजूवर, कडा तिरक्या कापून बसवा. दुसरं म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडा आणि डिझेलची टाकी गाडीवरून उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीला ठिणगी लावू नका. आतली वाफ पेटते आणि टाकी फुटते. टाकीला भोक असेल तर ती टाक्यांचीच कामं करणाऱ्याकडे द्या.

केबिनच्या पत्र्याला मात्र आर्क मशीन चालणार नाही. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा आर्कने जळून भोक पडतं. त्याला सीओटू किंवा मिग वेल्डिंग हवं. तेवढं काम बाहेरून करून घ्या किंवा मशीन भाड्याने आणा.

यानंतर ब्रेक, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण घरी केलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त धोका मला इथेच दिसतो. चारही ड्रम काढा. आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर उघडा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून उभ्या गाडीत सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात. खड्डा असेल तर नुसता वॉशरचा किट टाकू नका, तो महिन्याभरात गळतो. सिलिंडर नवे घ्या किंवा लेथवर बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. उद्यमनगरात हे काम रोजचं आहे. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतून फुगलेला होज पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवतो आणि माणूस दोष ड्रमला देत बसतो. लोखंडी ब्रेक पाइपच्या जागी फ्रिजच्या कामाची तांब्याची नळी वापरू नका. ब्रेकचाच पाइप घ्या आणि टोकं डबल फ्लेअर करून घ्या.

मूळ गाडीत एक बदल मी आनंदाने करायला सांगतो. तुमचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पोचवणारा) एकाच सर्किटचा असेल तर एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा मास्टर बसवला तर पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे होतात आणि एक गेलं तरी दुसरं राहतं. खर्चाच्या मानाने इतकं मोलाचं काम दुसरं नाही. मात्र मास्टरचा बोअर (आतला व्यास) मूळ मापाचाच घ्या. बोअर मोठा झाला तर पेडल दगडासारखं होतं आणि तेवढ्याच जोरात गाडी कमी थांबते. व्हॅक्यूम बूस्टर लावायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, तो अनेक गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला असतो. पुढे डिस्क हवीच का? ड्रम गोल असतील, लायनिंग पूर्ण टेकत असेल, ॲडजस्टमेंट बरोबर असेल, तर या गाडीच्या वेगाला ड्रम पुरतात. भरलेली गाडी घेऊन फोंडा घाट उतरताना ड्रम तापतात, हे खरं. त्यावर उपाय खालच्या गिअरमध्ये उतरणं हाच आहे, आणि डिस्क असली तरी तो करावाच लागतो.

पॉवर स्टेअरिंगचं उत्तर आता सोपं होतं. पुढची चाकं उचला आणि टाय रॉड एका बाजूने सोडून चाक हाताने वळवा. जड वळत असेल तर किंगपिनचं (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिचं) बेअरिंग कोरडं आहे किंवा गंजलं आहे. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ आला तर ते झिजलं आहे. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना, सगळं नवं. स्टेअरिंग बॉक्समधला खेळ ॲडजस्ट करून बघा, नाही तर बॉक्स उघडा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. एवढं केल्यावर ही गाडी चालताना एका हाताने वळते. उभी असताना जड लागेलच, तो तिचा स्वभाव आहे. पन्नास-साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरत असतील तर लोक स्टेअरिंग डँपर लावून मोकळे होतात. डँपरने थरथर दबते, पण सैल झालेला सांधा आत तसाच झिजत राहतो.

टायरचंही याच वेळी सांगून टाकतो. चाकाचा घेर वाढला की स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा जोर कमी पडतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. दहा टक्के मोठ्या टायरवर काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ ने जात असाल. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला तो घेर चढावर जाणवतो. मूळ मापाचे नवे टायर घ्या. तारीख बघून घ्या, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर नवा नसतो.

इंजिनाकडे येऊ. त्या काळातल्या महिंद्रात वेगवेगळी डिझेल इंजिनं आली. तुमच्यात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आहे की ट्रॅक्टरच्या इंटरनॅशनल घराण्यातलं, ते ब्लॉकवरची खूण आणि आरसी ताडून बघा. एक्सडीपी ४.९० या नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. त्याला ८३ चा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मिळून २११२ सीसी होतात. पार्ट मागताना ही मापं तोंडपाठ असली की दुकानदार भलताच पिस्टन हातात देत नाही.

इतकी वर्षं उभ्या इंजिनाला आधी सेल्फ मारू नका. जुनं डिझेल काढा, टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, ऑइल बदला. ग्लो प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जबरदस्ती नको. रिंगा धरल्या असतील किंवा व्हॉल्व्ह अडकला असेल, तेव्हा हेड काढणं स्वस्त पडतं. मोकळं फिरलं तर नोझल काढून टेस्टिंगला द्या. फवारा कसा पडतो ते पाहताना हात समोर धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि हात गमवायची वेळ येते. फ्युएल पंप घरी उघडू नका. तो कॅलिब्रेशनच्या बेंचवरच जमतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एअर क्लीनर काढून ठेवा आणि चुलतभावाला लाकडाची सपाट फळी घेऊन इनटेकजवळ उभं करा. पंपातला रॅक (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी) जुन्या डिझेलच्या चिकट थराने अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच आवरेनासं पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. फळीने हवा बंद केली की थांबतं. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं. सुरू झाल्यावर आधी ऑइलचं प्रेशर बघा, मग धूर. पहिला थोडा वेळ पांढरा धूर येणार. इंजिन तापल्यावरही पांढराच असेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केट. निळा राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त.

आता तुमचा पहिला प्रश्न. सीआरडीई इंजिन बसेल का? लोखंड कापून, माउंटिंग बनवून बसतं. मी ते का सुचवत नाही, ते सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवायचं असलं तरी आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद लागते. वेगळ्या इंजिनाच्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या शेतावर येऊ शकते. तांत्रिक कारणही तेवढंच मोठं आहे. त्या इंजिनाचा टॉर्क तुमच्या जुन्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त आहे. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर), एक्सल आणि ब्रेक, यांतलं काहीच त्यासाठी बनलेलं नाही. एकामागून एक तुटत जातं आणि शेवटी आजोबांच्या गाडीची फक्त केबिन उरते.

आणखी एक विचार करा. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, धंद्यात नसलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ असावं. तुमची गाडी २०३६ मध्ये त्या वयाला येते. आज इंजिन बदललंत तर तो दरवाजा बंद होतो. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक येते तेव्हा आख्खं कोल्हापूर माना उंच करून बघतं. तिच्यात नवं काय घातलं, हे कुणी विचारत नाही.

हायवेवर गाडी कोकलते, अशी तक्रार मूळ इंजिन ठीक झाल्यावरही उरली, तर आधी मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजा. गिअर न्यूट्रल, दोन्ही मागची चाकं उचललेली. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा, दोन्ही चाकं एक पूर्ण फेरा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेरे फिरवा, उत्तर तेच येतं. जुन्या सीजे-३बी जीपमध्ये रेशो ५.३८ होता. ६.००-१६ च्या टायरचा घेर सुमारे २.२७ मीटर धरला तर ताशी ८० ला चाक मिनिटाला साधारण ५८७ फेरे घेतं आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाला ३१५० च्या वर फिरावं लागतं. तेच ४.२७ च्या क्राउन-पिनियनवर २५०० ला होतं. आवाज कमी, डिझेल कमी आणि आरसीवरची नोंद तशीच. पण भरलेली गाडी चढावर नेणार असाल तर हा बदल करू नका, तिथे मोठा रेशोच कामाला येतो. म्हणून म्हणतो, आधी चालवा आणि मग ठरवा.

इथे कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे फाउंड्री आहेत, पॅटर्न करणारे आहेत, लेथ-मिलिंगवाले आहेत. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे नमुना दाखवला की पार्ट तयार होतो. ही आपली मोठी श्रीमंती आहे आणि पार्ट बाजारात मिळत नाही म्हणून आपल्याला रडावं लागत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या, कड्या, पेडलचे ब्रॅकेट, बुश, पुली, थर्मोस्टॅटचं घर, हे सगळं खुशाल करून घ्या. पण स्टेअरिंगचा नकल आर्म, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड, एक्सल शाफ्ट हे ओतून करायचे नसतात. मूळ पार्ट घडीव पोलादाचा असतो, तो वाकून इशारा देतो. साधं बीड (ओतीव लोखंड) धक्क्याने सूचना न देता तुटतं. या पार्टांवर वेल्डिंगही करायचं नाही. गरम झाल्यावर त्यांचं हीट ट्रीटमेंट जातं आणि वरून काहीच दिसत नाही. त्यासाठी मूळ कंपनीचा किंवा खात्रीचा नवा पार्टच शोधा, वाट बघावी लागली तरी बघा.

वायरिंग लवकर आटपतो. जुनी वायर जोडत बसू नका, नवीन लूम (वायरचा अख्खा गुच्छ) घाला. हेडलाइट मंद असतील तर मोठे बल्ब नकोत. ६०/५५ वॅटचा एक बल्ब पाच अँपिअरच्या आसपास घेतो आणि दोघांचा करंट चाळीस वर्षांच्या स्विचमधून जात असतो. रिले (स्विचवरचा भार स्वतःवर घेणारा) बसवा, अर्थिंग चासीला नव्याने घट्ट करा, तेच बल्ब लख्ख पेटतात. सीट बेल्टही घाला. बोल्ट नुसत्या पत्र्याला न लावता खालून जाड पट्टी द्या, नाही तर धक्क्याला बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो.

रंगाचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की घासलेल्या पत्र्यावर सकाळपर्यंत पिवळी छटा येते. पावसाळ्यात ब्रेक, गिअरबॉक्स, इंजिन अशी शेडमधली कामं काढा. उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी लावून ठेवू नका, ती ओल शोषते आणि खालून गंज धरतो. आधी इपॉक्सी प्रायमर, मग पातळ पुट्टी, मग सरफेसर. इथपर्यंत घरी जमतं. शेवटचा टू-के पीयू रंग मात्र घरच्या शेडमध्ये फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते दम्यासारखा कायमचा आजार देऊ शकतं आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. केबिन आणि हौदा प्रायमर मारून रंगाच्या बूथला पाठवा. मॅट काळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ही गाडी तिच्या मूळ रंगात जास्त शोभेल. मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही, एक ओरखडा पडला की अख्खा दरवाजा रंगवावा लागतो. रंग बदललात तर आरसीवर नोंदही करावी लागेल.

पैशांचं म्हणाल तर तीन लाखांतला एक तृतीयांश बाजूला काढून हात लावू नका. गाडी उघडल्यावर जे निघतं त्यासाठी तो आहे. उरलेल्यातून कागद, चासी, ब्रेक, स्टेअरिंग, टायर, मग इंजिन, मग वायरिंग, याच क्रमाने खर्च करा. रक्कम मध्येच संपली तर रंगाविना चालणारी गाडी तुमच्याकडे असेल आणि पुढच्या हंगामाचे पैसे आले की रंग होईल. उलट क्रमाने गेलेल्या गाड्या रंगवलेल्या अवस्थेत शेडमध्येच राहतात. दर पार्ट सोडताना फोटो काढा, बोल्ट डब्यात घालून वर नाव लिहा. शनिवार-रविवारच्या कामात दोन शनिवारांमध्ये बरंच विसरायला होतं.

हौदा उतरवलात की मागच्या दोन्ही हँगरचे जवळून, स्टेअरिंग बॉक्सच्या बैठकीचा आतल्या बाजूने, आणि ड्रेन प्लगमधून पांढऱ्या बशीत घेतलेल्या तेलाचा, असे फोटो पाठवा. कर्णांची दोन्ही मापंही लिहा. त्यावरून चासीचं काम तुमच्या शेडमध्ये होईल की उद्यमनगरात आणावी लागेल, ते सांगता येईल.